वाचकांचे प्रश्न : स्क्रू पाना घसरतो का?

प्रश्न : उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. 8 इंची स्क्रू पाना आवळूनही नटावरून सटकतो, कोपरे गोल होतात. पाना बदलावा का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एवढ्यात नको. आधी तो धरता कसा, ते बघा. स्थिर जबडा दांड्याशी अखंड असतो. सरकता जबडा मात्र नुसता फिरकीच्या, म्हणजे जबडा पुढे-मागे करणाऱ्या स्क्रूच्या, आट्यांवर टेकलेला. मुख्य भार स्थिर जबड्यावर यायला हवा. म्हणून ज्या दिशेला पाना फिरवायचा, त्या बाजूला सरकता जबडा ठेवा. उलट धरलात की तो फाकतो आणि नटाचे कोपरे खातो. अडचणीच्या जागेत पाना पालटून लावतात तेव्हा नेमकं हेच होतं. नट घशापर्यंत, म्हणजे जबड्यांच्या मुळापर्यंत, आत घ्या, फिरकी आवळा, पाना किंचित हलवून पुन्हा आवळा. दांड्याला पाइप लावायची सवय मात्र सोडाच.

तरीही ढिला वाटला, तर पिन काढून फिरकी आणि स्प्रिंग बाहेर घ्या, रॉकेलने धुवा. बिडाचं काम होतं तिथे सरकत्या जबड्याच्या दात्यांत बारीक चुरा घट्ट बसलेला असतो. दातेच झिजले असतील तर मग नवा घ्या. वेल्डिंगने भरू नका, पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो.

प्रश्न : ही रचना कोणाची?

उत्तर : आजच्या घडणीचं पेटंट स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांचं, 1892 चं. सरकत्या जबड्याचे पाने इंग्लंडमध्ये त्याआधीही होते.