सर, हात अजून वर!

प्रश्न : आमचे हे ६९ वर्षांचे. हायस्कुलात तीस वर्षं पी.टी. शिकवलं, लेझीम पथक बसवावं तर यांनीच, असं तालुक्यात म्हणायचे. चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्स निघाला. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, व्यायामाच्या वर्गाला न्या. हे म्हणतात, "मी हजार पोरांना कवायत शिकवली, आता मला कोण हात वर करायला शिकवणार?" घरी करतात, पण दहा मिनिटांत बसतात. शिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. आठवड्यातून दोनदा सांगलीला आणण्याइतका खरंच फरक पडतो का?
— एक वाचक भगिनी, तासगाव तालुका

उत्तर : वहिनी, सरांचं बरोबर आहे. हात वर कसा करायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. हात किती वर गेला, हे सांगणारं मात्र कुणीतरी हवं.

सांगलीच्या विश्रामबागेत पार्किन्सन्सच्या माणसांसाठी माझा व्यायामाचा वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी असतो, दहा-बारा जण येतात. आल्या आल्या वहीत सही करायची. एक निवृत्त तलाठी आहेत. त्यांच्या सहीचं पहिलं अक्षर ठसठशीत, आणि आडनाव संपेतो मुंगीएवढं. विचारलं तर म्हणतात, "नेहमीसारखीच केली की!" खोटं बोलत नाहीत ते. हालचालीला लागणारं डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी कमी होत जातात, तसं हालचालीचं आतलं माप आखडतं. हात छातीपर्यंत गेलेला असतो, माणसाला वाटतं डोक्यावर गेला. पाऊल वीतभर पडतं, त्याला वाटतं नेहमीचंच पडलं. म्हणून आमच्या वर्गात सगळ्यांत जास्त ऐकू येणारा शब्द 'मोठं'. मोठं पाऊल, मोठा हात. त्यांना वाटतं आपण तमाशा करतोय, मोबाईलवर चित्रण दाखवलं की दिसतं, जेमतेम नेहमीएवढंच झालंय. घरी हे तुम्ही दर मिनिटाला सांगायला लागलात तर तिसऱ्या दिवशी भांडण होईल. माझ्या घरी तरी झालं असतं.

फरकाचं विचाराल तर आजार यानं बरा होत नाही, तसं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. पण चालणं, तोल, खुर्चीतून उठणं, अंगाचा ताठरपणा यांत फरक पडतो, आणि तो व्यायाम चालू असेतोवरच. दिवाळीत महिनाभर सुटी घेतलेली माणसं परत येतात तेव्हा दारातूनच मला कळतं.

वर्गाची वेळ गोळीच्या हिशोबानं धरा. गोळीचा अंमल चढलेला असताना, म्हणजे साधारण तासाभरानं, व्यायाम करावा. लिव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या नेहमीच्या औषधाची, गोळी दुधाच्या पेल्याबरोबर घ्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ती मोडा. दुधातली प्रथिनं आणि हे औषध आतड्यात एकाच वाटेनं शोषले जातात, त्या गर्दीत औषध मागं पडतं. जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर घ्यावी. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून सोबत एखादं बिस्किट. गोळी आपल्या मनानं बंद मात्र कधीच करू नका.

आता उंबरा. यात मी स्वतः चुकलेय, म्हणून सविस्तर सांगते. वर्गाच्या पहिल्या वर्षी एक आजोबा हॉलच्या दारात अडकले. मागं चार जण ताटकळलेले. "चला आजोबा" म्हणत मी त्यांचा हात धरून ओढला. अंग पुढं आलं, पाय तिथंच राहिले. गुडघे फुटले त्यांचे, आणि मी पुढचे दोन आठवडे त्यांच्या सुनेच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. ओढायचं नाही, 'लवकर' म्हणायचं नाही. थांबू द्यावं. सरळ उभं राहून अंगाचा भार डावीकडे-उजवीकडे दोन-तीनदा डोलवायचा, मग एक मोठं पाऊल. उंबऱ्याआधी फरशीवर पावला-पावलाच्या अंतरानं रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा, "पट्टी ओलांडा" म्हणा. सपाट जमिनीवर अडकणारी हीच माणसं जिने खाडखाड चढतात, कारण पायरी दिसत असते. दारातून जाताना "चहा घेणार का?" असं विचारायचं नाही. चालणं आणि उत्तर, दोन्ही एकदम जमत नाही.

तालाचाही तसाच उपयोग होतो. आतला ठेका हुकतो तेव्हा बाहेरचा चालतो. सरांच्या माळ्यावर लेझीम असेलच, काढा. 'चार आवाज' आधी खुर्चीवर बसून करू द्या, उभ्यानं करायचं तेव्हा भिंत किंवा ओटा हाताशी हवा. जमिनीकडे वाकणं गाळा, वाकून उठताना रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. वळताना जागच्या जागी गिरकी नको, पथक मैदानात वळतं तसं मोठं वळण घ्यायचं.

दोनदा येण्याचा आग्रह मी धरत नाही. एसटीत दमून आलेला माणूस वर्गात नुसता बसतो. आठवड्यातून एकदा आणा, उरलेल्या दिवसांपैकी पाच दिवस घरी अर्धा तास, दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केलेत तरी चालतील. आणि सरांना विद्यार्थी म्हणून बोलावूच नका. माझा आवाज अकरा वाजेतो बसतो. एक-दोन-तीन-चार म्हणायला खड्या आवाजाचा माणूस मला हवाच आहे, असा माझा निरोप द्या.

प्रश्न : वडिलांना पार्किन्सन्स आहे. आवाज इतका बारीक झालाय की फोनवर काही कळत नाही. आम्ही 'मोठ्यानं बोला' म्हटलं की चिडतात.
— एक वाचक, मिरज

उत्तर : चिडणारच. त्यांच्या कानाला ते ओरडूनच बोलतायत. वर हाताचं सांगितलं तेच आवाजाचं, माप आखडलेलं. घसा एकदा तपासून घ्या, म्हणजे शंका नको. मग रोज सकाळी ताठ बसून, पोटभर श्वास घेऊन जितका लांबेल तितका 'आ', दहा वेळा. त्यानंतर पेपरातले मथळे, हळदीचे दर, काय असेल ते, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं वाचायचं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक केलं तेव्हा कुठं माईक होता! 'मोठ्यानं बोला' ऐवजी "मी शेवटच्या रांगेत बसलोय, बाबा" म्हणून बघा, माझ्या वर्गात हे चालतं.

पाणी पिताना ठसका लागत असेल तर मात्र व्यायामावर थांबू नका. गिळण्याची तपासणी करणाऱ्या वाचा-उपचार तज्ज्ञांकडे याच आठवड्यात न्या.