वाचकांचे प्रश्न : बेने इस्राएलांच्या आठवणी जपताना

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आजी अलिबागजवळ वाढली, आता इस्राएलमधल्या दिमोनात असते. वय ८८. तिच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत, पण पेसाह किंवा योम किप्पूर या सणांबद्दल विचारलं की 'करायचो तसंच' एवढंच म्हणते.

प्रश्न हिब्रू नावांनी विचारताय, म्हणून उत्तर तेवढंच येतंय. ही नावं कोकणातल्या घरांत नंतर रुळली. आजीच्या लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'नव्याचा सण', 'दारफळणीचा सण', 'आणशी ढाकण्याचा सण', 'बिरड्याचा सण' अशी नावं असण्याची शक्यता आहे. दारफळणी म्हणजे योम किप्पूर, आणशी ढाकणं म्हणजे पेसाह. 'बिरड्याच्या सणाला वाल कोण सोलायचं?' असं विचारून बघा, बोलणं आपोआप पुढे सरकेल. दारफळणीला दारं कोण लावायचं, शुक्रवारच्या किद्दूशसाठी (द्राक्षरसावरच्या आशीर्वादासाठी) काळ्या मनुका कधी भिजत घालायच्या, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या खडकाकडे कोणासोबत जायचे, असे हाताशी येणारे प्रश्न ठेवा.

मलिद्याची (एलियाहू हन्नाबीच्या नावाने करायच्या प्रसादाची) कृती तोंडी घेऊ नका, करायला लावा. पोहे, गूळ, खोबरं सगळं मुठीच्या मापाने पडतं. भरलेला डबा आधी काट्यावर ठेवा, हात घालून झाला की पुन्हा ठेवा. फरक म्हणजे आजीची मूठ.

एका बैठकीला पाऊण तास पुरे. माइक तोंडापासून वीतभर, पंखा बंद. १९६२ ते १९६४चा विषय मात्र वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवा. लग्नाआधी वंशावळ तपासण्याच्या इस्राएलमधल्या मुख्य रब्बींच्या धर्मपीठाच्या आदेशाने त्या काळात अनेक घरं दुखावली. १९६४ साली क्नेसेटने (इस्राएलच्या संसदेने) बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असल्याचं मान्य केलं, तरी सल गेलेली नसते. तो भाग कोणाला ऐकवायचा, हे आधी आजीलाच विचारा.

नात्यातल्या थडग्यांवर हिब्रू आणि मराठी मजकूर आहे. तारखा जुळत नाहीत. कोणती खरी मानायची?

बहुतेक वेळा दोन्ही खऱ्या असतात, वाचताना चूक होते. हिब्रूत साल अक्षरांनी लिहितात आणि हजाराचा आकडा सहसा गाळतात. समजा, ताव, रेश, पे, हे अशी अक्षरं आहेत : ४०० + २०० + ८० + ५ = ६८५. त्यात ५००० मिळवले की ५६८५. आता महिना पाहा. यहुदी वर्ष शरदात तिश्रीपासून सुरू होतं, म्हणून तिश्री, हेश्वान असेल तर ३७६१ वजा करा (१९२४). शवातपासून एलूलपर्यंत असेल तर ३७६० (१९२५). मधले किस्लेव आणि तेवेत दोन्ही इसवी वर्षांत येऊ शकतात. तिथे पंचांग बदलून देणाऱ्या संगणक-तक्त्यावर तपासूनच लिहा.

खरा घोळ झिजलेल्या अक्षरांचा. 'हे'चा डावा पाय वरच्या आडव्या रेघेपासून सुटा असतो, 'हेत'चा जोडलेला. फटीत चुना किंवा शेवाळ भरलं की ५ चे ८ होतात आणि माणूस तीन वर्षं उशिरा मरतो. दालेत (४) आणि रेश (२००) यांत फरक उजव्या कोपऱ्याचा : दालेतचा टोकदार, रेशचा गोल. अक्षरं सहसा मोठ्या किमतीकडून लहानीकडे जातात, त्यामुळे शेवटी 'रेश' दिसला तर तो बहुधा दालेत आहे. तारखेतले १५ आणि १६ हे ९+६, ९+७ असे लिहितात. तेत-वाव दिसलं तर गोंधळू नका. एका दिवसाचा फरकही चूक नव्हे, कारण यहुदी दिवस सूर्यास्ताला बदलतो. मराठी मजकुरात शक असेल तर ७८ मिळवा. साधारणपणे पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना ७९.

दगडावर खडू, पीठ, तारेचा ब्रश किंवा ॲसिड लावू नका. साधं पाणी, मऊ ब्रश. फोटो सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात घ्या. दुपारी कोरीव अक्षरं सपाट दिसतात. सावलीतल्या दगडावर आरशाने तिरका उजेड टाका. शनिवारी (शब्बाथला, विश्रांतीच्या दिवशी) जाऊ नका, हे सांगायला नकोच.

आडनावावरून गाव ठरवण्याची घाई मात्र टाळा. किहीमकर किहीमचे, रोहेकर रोह्याचे हे मुळापुरतं खरं. थडग्यातला माणूस मुंबईत जन्मलेला असू शकतो. दोन वेगळे रकाने करा.

कीर्तनाच्या जुन्या कॅसेट पेटीत सापडल्या. लगेच लावून बघू का?

नाही. आधी खिडकीतून फितीची कड पाहा. पांढुरकी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळी ठेवा, वाजवलीत तर डेक आणि पुढच्या सगळ्या कॅसेट बाधतील. चांगल्या असतील त्यांच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिक चकत्या मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. मधल्या फटीत नमद्याचा छोटा चौकोन असतो. तो गळून पडला असेल तर आवाज लांबून आल्यासारखा येतो. अशी फीत नव्या कवचात घाला. एकदा पुढे-मागे पूर्ण गुंडाळून मग वाजवा. आवाज बोदा वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून टाळ सर्वांत खणखणीत ऐकू येतील तिथे थांबा.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर वेव्ह फाइल करा; स्टिरिओला तासाला सुमारे १ जीबी लागते. खरखर काढायची ती प्रतीत, मूळ फाइलीत कधीच नाही. आख्यान कोणतं, साकी-दिंडी कितव्या मिनिटाला, कीर्तनकार कोण, हे त्याच दिवशी लिहा.

आजीची गाण्यांची वही नातवंडांसाठी हिब्रू लिपीत उतरवावी का?

उतरवा, पण त्या लिपीवर विसंबू नका. हिब्रूत 'ळ' आणि 'ण' नाहीत, 'तेत' आणि 'ताव' ही अक्षरं आज एकाच उच्चाराची झालीत, म्हणून 'ट' आणि 'त' वेगळे राहत नाहीत. 'बाळा'चं 'बाला' होईल. मूळ पान ४०० डीपीआयला स्कॅन करा, शेजारी देवनागरी, खाली हिब्रू अर्थ, आणि आजीच्या आवाजात ओळ न् ओळ. वहीला सेलोटेप किंवा लॅमिनेशन नको.