हीथ्रोच्या कुठल्या बाजूला घर घ्यावं? एका सायकलवाल्याचं उत्तर

राजेंद्रनगरचे आहात आणि सकाळी सुपर कॉरिडॉरवर रोडबाइक काढता म्हणता, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मीही इंदूरचाच, रामबागेतला. आता लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या दक्षिणेला राहतो. तुमचा प्रश्न असा की नोकरी विमानतळाजवळ लागली आहे, घर हाउन्स्लो, हेज, फेल्टम की स्टेन्स हे ठरायचंय, आणि रोजची तीस-चाळीस किलोमीटर सायकल सुटता कामा नये. सुरक्षित रस्ते शोधायचे कसे?

सायकल खरंच इतकी महत्त्वाची असेल तर नैर्ऋत्येला बघा, म्हणजे स्टेन्स, लेलम, ॲशफर्ड. हाउन्स्लोत देसी किराणा आणि ट्यूब, म्हणजे लंडनची भुयारी रेल्वे, हाताशी आहे, हे मान्य. पण तिथून मोकळ्या रस्त्याला लागेपर्यंत सिग्नलवरच जीव जातो.

आपल्याकडे बिजासन टेकरीवरून विमानतळ बघायचा आणि गांधीनगरच्या पुढे गेलं की शेतं सुरू. इथे तसं नाही. हीथ्रो ही एक भिंत आहे. दोन समांतर धावपट्ट्या, मधल्या टर्मिनल २ आणि ३ कडे जाणारा बोगदा, आणि त्यातून सायकल नेता येत नाही. उत्तरेला एम ४, पश्चिमेला एम २५, या दोन्ही मोटरवे, सायकलला बंदी. ए ४ आणि ए ३० या मुख्य रस्त्यांवर कायद्याने जाता येतं, पण जाऊ नये. त्यांच्या कडेने फुटपाथवजा सायकलपट्टी आहे, ती ऑफिसला जायला ठीक, वेगाने चालवायला नाही, कारण दर हॉटेलच्या फाटकापाशी थांबावं लागतं. शिवाय पश्चिमेला आणि दक्षिणेला उंच बांधांचे प्रचंड जलाशय आहेत. नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारं गाव गाठायला मोठा वळसा पडतो, आणि सगळी वाहनं त्याच मोजक्या वाटांवर येतात. म्हणून घराचं अंतर मोजताना विमानतळापासून नका मोजू, पहिल्या शांत रस्त्यापासून मोजा.

विमानतळाला वेढा घालणारा पेरिमीटर रोड नव्या माणसाला फार मोहात पाडतो. सपाट, रुंद, वर विमानं. पण दक्षिणेकडे कार्गोचे ट्रक, सगळीकडे टॅक्स्या, आणि त्यातही भाड्याच्या गाड्या: रात्रभर प्रवास करून आलेला, आयुष्यभर उजवीकडून गाडी चालवलेला माणूस तिथे पहिल्यांदा डावीकडून चालवत असतो. मी या रस्त्यापासून लांब राहतो. शिफ्ट बदलायच्या वेळी तर नावच नको.

आता शोधायची रीत. स्ट्राव्हा या ॲपचा हीटमॅप, म्हणजे सायकलवाले जास्त जातात ते रस्ते ठळक दाखवणारा नकाशा, सगळे सांगतील, वापराही, पण त्यात एक मेख आहे. एखादा रस्ता लालभडक दिसतो कारण रविवारी सकाळी सात वाजता क्लबची टोळी तिथून जाते. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला तोच रस्ता काय असतो ते त्यात दिसत नाही. सायकलस्ट्रीट्स नावाचा इथला रूट प्लॅनर आहे, त्यात एकाच प्रवासाचे जलद, समतोल आणि शांत असे वेगळे मार्ग मिळतात. शांत मार्ग काढा आणि मग गुगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर, म्हणजे रस्त्यांच्या फोटोंमध्ये, तो पूर्ण बघा. अक्षरशः चौक-चौक. काय बघायचं? रस्त्याच्या मधोमध पादचाऱ्यांसाठी बेट आहे का, कारण तिथे रस्ता आवळतो आणि मागची गाडी तुम्हाला दाबून पुढे काढते. कडेला गाड्यांची रांग आहे का, कारण दार कधीही उघडतं. आणि पांढऱ्या गोलात काळी तिरकी पट्टी असलेली पाटी. ती म्हणजे राष्ट्रीय वेगमर्यादा. मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर गाड्यांना ताशी ६० मैल, म्हणजे ९६ किलोमीटर. सरे परगण्यातल्या, दोन्ही कडेला झुडपं असलेल्या अरुंद गल्लीवरही ती असू शकते. नकाशावर सगळ्यात गोड दिसणारी गल्ली कधी कधी सगळ्यात वाईट निघते ती यामुळे.

रोजच्यासाठी माझी शिफारस: लेलमहून थेम्सच्या काठाने चर्ट्सी पुलाकडे, पुढे शेपर्टन, वॉल्टन. या भागात राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक ४ आहे, त्याच्या पाट्या असतात. काही तुकडे खडीचे आहेत, २३ मिलिमीटरचे टायर घेऊन येऊ नका, ३२ घाला. लांब जायचं तर स्टेन्सवरून एगम, मग चढ चढून एंगलफील्ड ग्रीन आणि बिशप्सगेटमधून विंडसर ग्रेट पार्क. आत कुठे चालवायचं ते पाट्यांवर बघा, सगळीकडे परवानगी नाही. स्टेन्सचा क्रुकेड बिलेट चौक आणि पूर्वेला जाताना सनबरी क्रॉस, हे दोन टाळा. तिथे उतरून पादचारी सिग्नलने ओलांडण्यात कमीपणा नाही. रिचमंड पार्क प्रसिद्ध आहे, छान आहे, पण शनिवार-रविवारी आपल्या सराफ्यातल्या खाऊबाजारात रात्री असते तितकी गर्दी. ग्रँड युनियन कालव्याची वाट हेज, साउथॉलवाल्यांना सोयीची. मुलांना घेऊन हळू जायला उत्तम, रोडबाइकच्या वेगाला नाही.

निघण्याआधी आकाशाकडे बघायची सवय लावून घ्या. विमानं हाउन्स्लोवरून, म्हणजे पूर्वेकडून उतरत असतील तर वारा बहुधा पश्चिमेचा असतो. मग आधी विंडसरकडे तोंड करून वाऱ्याशी भांडा, येताना तोच पाठीशी. वारा अगदी पडलेला असताना हा अंदाज चालत नाही, कारण तेव्हाही सहसा पश्चिमेकडे तोंड करूनच विमानं उतरवतात.

गाड्या डावीकडूनच चालतात, तेवढं एक सोपं. पण हॉर्न नाही! आपल्याकडे ‘मी मागे आहे’ हे हॉर्न सांगतो. इथे गाडी मागे मुकाट सरपटत येते, आणि हॉर्न वाजला तर समजा शिवी दिली. त्यामुळे पार्क केलेली गाडी ओलांडायला बाहेर सरकण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे बघायचंच. जानेवारी २०२२ मध्ये हायवे कोड, म्हणजे इथली वाहतूक नियमांची पुस्तिका, बदलला: ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने ओलांडताना सायकलला किमान दीड मीटर जागा सोडावी, आणि शांत रस्त्यावर सायकलस्वाराने लेनच्या मध्यातून चालवावं, असं आता त्यात आहे. कडेला चिकटून चालवण्याची इंदुरी सभ्यता इथे महागात पडते. फुटपाथवर मात्र पाटी असल्याशिवाय चढू नका, गुन्हा आहे.

डिसेंबरात आठच्या सुमारास उजाडतं आणि चारच्या आत मावळतं, म्हणजे कामाचे पाच दिवस सायकल अंधारातच. पुढे पांढरा, मागे लाल दिवा कायद्याने हवा. ओली पानं आणि पहाटेचा न दिसणारा बर्फ असला की मी घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या साधनावर बसतो.

सायकल आणावी का, हेही विचारलंत. आणा. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असलेली, वापरलेली वस्तू इकडे कायमचं राहायला येताना आणली तर शुल्कात सूट मिळू शकते. त्यासाठी टीओआर १ हा अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि मंजुरी सामान पोचण्याआधी हातात असलेली बरी. बिल जुनं असेल तर शोधून ठेवा. कुलूप मात्र इथेच घ्या, जाड डी-लॉक, म्हणजे इंग्रजी डी आकाराचं, कुलपांची चाचणी घेणाऱ्या सोल्ड सिक्युअर या संस्थेचं गोल्ड मानांकन असलेलं. स्टेशनबाहेर पातळ तारेवर सायकल लावली तर संध्याकाळी फक्त तार मिळेल.