पहिलं हायड्रोजेल करताना

चरबीची ऊती वाढवायला पेशी घातलेलं हायड्रोजेल (भरपूर पाणी धरून ठेवणारं जेल) करण्याचा तुमचा आराखडा वाचला. दोन पॉलिमर, तीन ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढीचे इशारे देणारी प्रथिनं), वर थ्रीडी प्रिंटिंग! हौस दांडगी आहे, पण सुरुवातीला एकच जेल आणि एकच पेशी धरा. चरबीची ऊती करायची आहे ना, मग जेलएमए (जिलेटिनपासून केलेलं, प्रकाशाने पक्कं होणारं जेल) आणि चरबीतूनच काढलेल्या मूळपेशी (स्टेम सेल) पुरेत.

१. कडकपणा स्वतः मोजा. २००६ मध्ये एंगलर, डिशर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की १ किलोपास्कलच्या आतबाहेरच्या मऊ जेलवर मूळपेशी चेतापेशींच्या वळणावर जातात, १० च्या आसपास स्नायूंच्या, ३० च्या पुढेमागे हाडाच्या. चरबी मऊच, साधारण २ ते ४. आणि मोजायचं ते जेल माध्यमात (पेशींच्या पोषक द्रवात) रात्रभर फुगल्यावर. ताज्या जेलचा आकडा फसवतो.

२. पेशींना धरायला काहीतरी हवं. नुसत्या अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळापासूनच्या जेलमध्ये) त्या गोल गोळ्यासारख्या पडून राहतात. त्याला आरजीडी पेप्टाइड (पेशींना पकडता येतो असा प्रथिनाचा छोटा तुकडा) जोडावं लागतं. जिलेटिनमध्ये ते आयतंच असतं.

३. जेलची चकती पातळ ठेवा, १ मिलिमीटरच्या आत. माझी पहिली चांगली ५ मिलिमीटरची होती, वडीच म्हणा! आठवड्याने लाइव्ह-डेड रंग (जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल) दिला तर कडेला हिरवं कडं आणि मधे सगळं लाल. ऑक्सिजन आत पोचलाच नव्हता.

हो, जेलएमए गार झालं की पिपेटच्या टोकातच थिजतं. नळी ३७ अंशांवर ठेवा, हळू ढवळा, बुडबुडे नकोत. आणि दर वेळी तुलनेसाठी पेशी न घातलेली एक चकती सोबत करा.

ग्रोथ फॅक्टरचं नंतर बघू.