आजीला गाणे येते की नाही?

चि. अनघा हिस अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो. फुईने (तुझ्या आत्याने) धुळ्याहून कानबाईच्या रात्रीचा जो व्हिडिओ पाठवला, त्यात आजी पहाटेपर्यंत गाताना दिसते. आणि तरीही ‘आजी, तू गाणे कुठे शिकलीस?’ असे तू विचारल्यावर तिने ‘मला कुठं गाणं येतं, बेटा’ म्हणून विषय संपवला. ती लाजते की खरोखरच तसे मानते, असे तू विचारले आहेस. ती खरोखरच तसे मानते, आणि तिच्या वयाच्या खान्देशातल्या बहुतेक बायका तसेच सांगतील.

कानबाई हा आपल्याकडचा श्रावणातला सण आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नाक-डोळे, नथ, कुंकू करून देवी बसवतात, रोटांचा नैवेद्य होतो, रात्रभर जागरण चालते आणि सोमवारी विसर्जन होते. त्या रात्रीची गाणी अहिराणीत असतात. एखादी जाणती बाई ओळ टाकते, बाकीच्या ती उचलतात आणि तीच ओळ पुन्हा म्हणतात, त्यामुळे जिला गाणे पाठ नाही तीही दुसऱ्या खेपेला त्यात सामील होऊ शकते. व्हिडिओ पुन्हा नीट पाहा. गाणे संपल्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही, कोणी ‘छान’ म्हणत नाही. पाणी पिऊन पुढचे गाणे सुरू होते. याचे कारण असे की तिथे श्रोता म्हणून कोणी बसलेलेच नाही. जी खोलीत आहे ती गाते, आणि जिच्यासाठी गायचे ती देवी आहे. तू व्हायोलिनच्या कार्यक्रमात पाहतेस तशी गाणाऱ्यांची आणि ऐकणाऱ्यांची विभागणी या गाण्यात नाही.

वर्षभराची गाणी अशीच वाटलेली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येत आणि झोक्यावर गौराईची गाणी म्हणत. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली गुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरत आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखत. लग्नात हळदीची गाणी वेगळी. या सगळ्यांत रोजचे गाणे मात्र जात्यावरचे. पहाटे दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत. ओवीची लांबी जात्याच्या फेऱ्यांशी जमलेली असे, आणि भावाचे, लेकाचे, गावाचे नाव तीत आयत्या वेळी घातले जाई. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांच्या हातांचे कष्ट वाचले आणि त्या कष्टांबरोबर ओवीची वेळही गेली. मला त्याचा शोक करवत नाही. रोज पहाटे दळण दळून पाहिलेल्या कोणत्याही बाईने जाते परत मागितल्याचे मी ऐकलेले नाही.

बहिणाबाई चौधरी (1880–1951) याच जात्यावरच्या परंपरेतल्या. जळगावजवळचे असोदे हे त्यांचे माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते; घरातली आणि शेतातली कामे करताना त्या ओव्या रचून म्हणत, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व एक आप्त यांनी त्यांतल्या काही टिपून ठेवल्या. त्यांच्या निधनानंतर 1952 साली त्यांचे पुस्तक निघाले, तेव्हा कुठे महाराष्ट्राला कळले की या बाई कवयित्री होत्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. टिपणारे कोणी नसते तर आजीप्रमाणेच त्यांचेही गाणे ‘आपले घरातले’ म्हणून विरून गेले असते, हे उघड आहे.

मग ‘गाणे येते’ असे आपल्याकडे कोणाबद्दल म्हणत? एक तर दरबारातल्या गुणीजनांबद्दल. खान्देश या बाबतीत कोरडा प्रदेश नव्हता. सोळाव्या शतकात, बुऱ्हाणपूर ही खान्देशच्या फारुकी सुलतानांची राजधानी असताना, पुंडरीक विठ्ठल नावाच्या कर्नाटकातल्या पंडिताने त्या घराण्यातल्या बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानी रागांच्या इतिहासात त्या ग्रंथाला मान आहे. पुढे तो पंडित उत्तरेत राजपुतांच्या आश्रयाला गेला, 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी राज्यच संपले. दरबारी गाणे आश्रयदात्याच्या मागे जाते. आपल्या तापीकाठच्या गावांना ते कधी आले आणि कधी गेले याचा पत्ताही लागला नसावा.

दुसरे गाणे पोटासाठी गाणाऱ्यांचे: गोंधळी, वाजंत्री, डफावर ‘वही’ नावाची लोकगीते गाणारे, तमासगीर. यांच्याशिवाय लग्न लागत नसे आणि जत्रा भरत नसे, पण कलेला मान आणि कलावंताला उंबऱ्याबाहेरची जागा, असा आपला रोकडा व्यवहार होता. वाजवणे हे अनेकांच्या वाट्याला जातीचे काम म्हणून आलेले होते. ही गोष्ट आपल्या लोकांना सांगायला फारशी आवडत नाही, म्हणून मी ती मुद्दाम लिहितो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत ज्या गावकामांना नकार दिला गेला, त्यांत असे वाजवणेही होते; आणि त्याच चळवळीतून जलसे उभे राहिले, वामनदादा कर्डकांसारखे शाहीर झाले. ज्या गळ्याने दुसऱ्याच्या दारात गायचे, त्याच गळ्याने स्वतःच्या हक्काचे गायचे, हा बदल मला आपल्या संगीताच्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो. शास्त्रीय संगीताच्या पुस्तकांत त्याला क्वचितच जागा मिळते.

आणि बायकांनी चारचौघांत गाणे तर अब्रूचा प्रश्न होता. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाची लाट उठवली, पण तिच्यातल्या नायिका दीर्घकाळ पुरुषच झाले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे, त्या बालगंधर्वांची सारी कीर्ती स्त्रीभूमिकांची. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांनी जुने ग्रंथ व घराण्यांच्या चिजा जमवून छापल्या आणि 1916 साली बडोद्याला संगीत परिषद भरवली. तेव्हापासून गाणे वर्गात शिकण्याचा, परीक्षा देण्याचा आणि प्रमाणपत्र मिळवण्याचा विषय झाला आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना पेटीला हात लावायची मुभा मिळाली. याच वाटेने आपली फुई ‘मध्यमा’पर्यंत गेली. लग्न ठरले तेव्हा तिची परीक्षा ही जमेची बाजू म्हणून सांगण्यात आली, आणि लग्नानंतर पेटी माळ्यावर गेली. तरीही आपल्या घरात ‘तिला गाणे येते’ असे म्हणतात ते फुईबद्दल, आजीबद्दल नव्हे. फुईला राग किती येतात हे प्रमाणपत्रावर आहे. आजीला गाणी किती येतात हे कोणी मोजलेलेच नाही, आणि तिलाही ते मोजावेसे वाटलेले नाही.

राहिला तुझा दुसरा प्रश्न, की मिरवणुकीत त्याच बायका स्वतः न गाता डीजेवर का नाचतात. आमच्या लहानपणी लग्नाला बँड असे. मग बँजो आणि कीबोर्ड गाडीवर चढले, मग भोंग्यांच्या भिंती आल्या. हल्ली कानबाईची गाणीही ध्वनिमुद्रित मिळतात आणि यूट्यूबवर अहिराणी गाण्यांना जो प्रतिसाद आहे तो पाहून मला मनापासून बरे वाटते, कारण आमच्या पिढीतली मुले पुण्या-मुंबईला गेली की पहिली अहिराणी लपवीत. भोंग्यातून येणाऱ्या गाण्यात मात्र नव्या सुनेचे नाव घालता येत नाही, आणि ज्या बाईचा आवाज फुटका आहे तिला तिथे काही काम उरत नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम 2000 सालापासून आहे. तो जिथे पाळला जातो तिथे दहानंतर घराघरांत पुन्हा आजीसारख्यांची पाळी येते. कायद्याने हे मनात धरले नसणार, पण झाले ते चांगलेच झाले.

पुढच्या श्रावणात तू जाणार आहेस, तेव्हा तिला समोर बसवून ‘एक गाणे म्हण’ असे सांगू नकोस. ती म्हणणार नाही, आणि म्हटलेच तर दोन ओळींत आटोपते घेईल. जागरणाला बायकांत बस आणि ओळ उचल. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास तिची आणि बाकीच्यांची परवानगी आधी घे, आणि ते करताना गाणे कोणत्या वेळचे, ओळ कोणी टाकली, नाव कोणाचे घातले, हे सकाळी आजीकडूनच लिहून घे. अहिराणी शब्द अडले तर फुई सांगेल. वहीची एक प्रत मलाही पाठव. त्यातली बरीच गाणी मी दाराबाहेरूनच ऐकलेली आहेत.

तुझे,
बाबा