अमेरिकेच्या युटा राज्यात, होल-इन-द-रॉक या कड्यातल्या फटीकडे जाणाऱ्या वाटेवर जीपीएसचा बिंदू कॅन्यनच्या (खोल घळीच्या) पलीकडच्या काठावर का पडतो? आणि नकाशावरचे कॉन्टूर (समान उंचीच्या रेषा) विरळ म्हणजे उतार सोपा, हे धरून चालू का?

बहुतेक वेळा दोष जीपीएसचा नसतो, डेटमचा असतो; डेटम म्हणजे जागांचे आकडे ज्या आधारावर मोजले जातात ती चौकट. दक्षिण युटामधल्या एस्कलांटे भागाची 1:24,000 ची बरीच जुनी शीट्स (छापील नकाशे) नॅड-27 या जुन्या डेटमवर आहेत आणि तुमचा फोन डब्ल्यूजीएस-84 या जीपीएसच्या डेटमवर चालतो. अक्षांश-रेखांश वापरलेत तर तिथे साठ-सत्तर मीटरचा फरक पडतो, तोही मुख्यतः पूर्व-पश्चिम. यूटीएम (जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत) वापरलंत तर उत्तरेचा आकडा सुमारे 200 मीटरने सरकतो. अरुंद कॅन्यनमध्ये एवढ्यात काठ बदलतो. डेटम शीटच्या समासात छापलेला असतो. ॲपमध्ये तोच निवडा, यूटीएमचा झोन (पट्टा) 12 ठेवा. मग वाटेवरच्या डान्स हॉल रॉक या खडकासारख्या ठळक जागी उभं राहून बिंदू जुळतो का बघा.

विरळ कॉन्टूरवर मात्र अजिबात विसंबू नका. तिथे रेषा साधारण 40 फुटांनी, म्हणजे 12 मीटरने आहेत. दहा मीटरचा उभा कडा दोन रेषांमध्ये सहज लपतो. मीटरभर रुंदीची फट या प्रमाणावर 0.04 मिलिमीटर होते, म्हणजे काढताच येत नाही. विमानातून घेतलेल्या फोटोंत तिचा तळ सावलीतच राहतो. ॲपमधलं उंचीचं ग्रिडही (दर 10 मीटरच्या चौकोनाला एक उंची) काठ आणि तळ यांची सरासरी काढून तिथे सौम्य उतार दाखवतं. सह्याद्रीत 20 मीटरच्या रेषांवर आपलं भागतं, कारण वाट विचारायला खाली गाव असतं.

1880 च्या जानेवारीत मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या स्थलांतरितांनी 83 घोडा-बैलगाड्या होल-इन-द-रॉकच्या फटीतून कोलोरॅडो नदीकडे उतरवल्या. नकाशावरची तुटक रेषा त्या वाटेचा फक्त अंदाज देते. खरी वाट खडकावर शोधा: चाकांच्या घासलेल्या चऱ्या, छिन्नीने खोदलेल्या पायऱ्या, ओळीने पाडलेली भोकं. त्या भोकांत ओकच्या खुंट्या ठोकून, वर झाडोरा आणि दगड रचून बाहेरच्या चाकाला आधार केला होता. खुणा ठळक दिसाव्यात म्हणून खडू फिरवू नका, त्या परत कोणी करून देणार नाही.

खाली उतरणार असाल तर लेक पॉवेलची (कोलोरॅडोवरच्या धरणाच्या तलावाची) त्या दिवसाची पातळी बघून निघा. शीटवरचा निळा किनारा भरलेल्या तलावाचा, 3,700 फुटांचा असतो. 2023 मध्ये पाणी 3,520 च्या आसपास गेलं होतं. म्हणजे छापील किनाऱ्याखाली साडेचार कॉन्टूर इतका उतार, बराचसा गाळाचा.