लेन्स नंतर, आधी भरतीची वेळ : पक्षिछायाचित्रणावर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ऐरोलीच्या खाडीवर जाऊन रोहित पक्ष्यांचे फोटो काढले. माझ्याकडे 70-300 मिमीची लेन्स आहे. पक्षी दूर, फोटोत नुसते गुलाबी ठिपके, तेही धूसर. 600 ची झूम लेन्स घेऊ का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : एवढ्यात घेऊ नका. रोहित उथळ पाण्यातल्या चिखलावर चोच उलटी धरून शेवाळ गाळून खातात. ओहोटीला पाण्याची कड जिकडे सरकते तिकडे तेही सरकतात, आणि तिथवर 600 सुद्धा पोचत नाही. भरती चढू लागली की पाणीच त्यांना काठाकडे रेटत आणतं. पूर्ण भरतीत चिखल बुडाला की ते उडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर विसाव्याला जातात. म्हणून पूर्ण भरतीच्या साधारण तीन तास आधीपासून एक तास आधीपर्यंतचा वेळ तुमचा.

मुंबईच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे उपयोगी पडतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊच्या सुमाराला पूर्ण भरती. शुक्ल आणि वद्य, दोन्ही पक्षांना हेच. अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही जास्त फरक पडतो, तेव्हा निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता पाहाच. पण महिन्याचे रविवार निवडायला कालनिर्णय पुरतं.

आता उजेड. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे, त्यामुळे सकाळी ऊन पाठीशी आणि पक्षी समोर. त्यासाठी द्वादशी ते चतुर्दशी या तिथी उत्तम. शिवडी आणि भांडुप खाडीच्या पश्चिम काठावर. तिथे सकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो. तिकडे दुपारनंतर जा, संध्याकाळी सहाच्या आसपास भरती असलेल्या अष्टमी-नवमीला. हंगाम ढोबळमानाने नोव्हेंबर ते मे.

धूसरपणाचं कारण बहुतेक वेळा तापलेली हवा. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरते आणि पिसांचे बारकावे पुसले जातात. मोठी लेन्स ती थरथरही मोठी करून दाखवते! यावर इलाज एकच, लवकर जाणं आणि अंतर कमी ठेवणं. वन विभागाच्या बोटीतून जाणार असाल तर ट्रायपॉड घरी ठेवा, इंजिनाची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात उतरते. कॅमेरा हातात धरा आणि शटर 1/1600 सेकंदापेक्षा मंद ठेवू नका.

प्रश्न : उडणारी घार फोटोत काळी येते आणि बगळा चुना फासल्यासारखा पांढरा. ऑटोवर ठेवूनही असं का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : ऑटोवर ठेवता म्हणूनच. कॅमेरा समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेला आणतो. उजळ आकाशामुळे तो उजेड कमी करतो आणि घार काळवंडते. गडद तिवरांमुळे तो उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं जळतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, घारीसाठी +1 ते +1.7, बगळ्यासाठी -0.7 ते -1 ठेवा. जळलेला पांढरा नंतर संगणकावर परत येत नाही, काळवंडलेला भाग थोडाफार उजळता येतो. शंका असेल तर कमी उजेडाकडे झुका. उडत्या पक्ष्याला शटर 1/2000, बसलेल्याला 1/500 चालतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ऑटोवर राहू द्या. आयएसओ वाढल्याने फोटोत येणारे दाणे सहन होतात, हललेला पक्षी नाही.

प्रश्न : पावसाळ्यानंतर लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात.
– एक वाचक, वसई

उत्तर : ती बुरशी. आतली काच स्वतः उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या, आणि तोवर ती लेन्स इतर लेन्सपासून वेगळी ठेवा. पुढच्या पावसाळ्यासाठी रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 टक्क्यांत हवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरा. तांदूळ नको, त्याची पूड लेन्सच्या कड्यांत शिरते. कातडी पिशवीत महिनोन् महिने ठेवणं तर बुरशीला आमंत्रणच. एसी गाडीतून उतरल्यावर बॅग अर्धा तास बंद ठेवा, नाहीतर थंड काचेवर दव धरतं.

प्रश्न : बोरिवलीच्या नॅशनल पार्कात मोबाईलवर पक्ष्यांचा आवाज वाजवला की पक्षी लगेच समोर येतात. वाजवावा का?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : नाही. पक्ष्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं सोडून, कधी घरटं उघडं टाकून भांडायला येतो. घरट्यासमोर कॅमेरा लावून बसणंही तितकंच वाईट, माणसाच्या मागोमाग कावळे घरटं हेरतात.

त्यापेक्षा झाड निवडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेली काटेसावर किंवा पांगारा गाठा आणि ऊन पाठीशी घेऊन बाजूला उभे राहा. बुलबुल, कोतवाल, पळसमैना, शिंजीर आपणहून येतात. पिकलेल्या उंबरावर तांबट आणि हरियाल. एक फांदी धरून फोकस तयार ठेवा, पक्षी वारंवार त्याच फांदीवर उतरतात. आणि सोमवारी जाऊ नका, पार्क बंद असतं.